बिनस्क्रूची खुर्ची

मिस्त्रींचा स्क्रूवर राग होता. साधासुधा नव्हे, अगदी नाकाच्या शेंड्यावर बसलेला. कुणी दुरुस्तीला खुर्ची आणली आणि तिच्या पायात स्क्रू दिसला, की ते ती उलटी करायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, बराच वेळ नुसते बघत राहायचे आणि मग म्हणायचे, "हा स्क्रू नाही. ज्यानं ही खुर्ची केली, त्याचा कबुलीजबाब आहे." गिऱ्हाइकाला काही बोध व्हायचा नाही. मग आतून आजीचा आवाज यायचा, "झालं का भाषण? जाऊ द्या त्यांना, त्यांनाही घरदार असेल."

आजी म्हणजे मिस्त्रींची बायको. नात झाली त्या दिवसापासून मिस्त्रीसुद्धा तिला आजीच म्हणायला लागले होते. ती त्यावर फुरंगटून दाखवायची, पण तेवढंच. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोलीत संसार, आणि भुसा दोन्हीकडे सारखाच. पिठाच्या डब्यात भुसा निघाला म्हणून त्यांची कित्येक भांडणं झाली होती. मिस्त्रींचं म्हणणं एकच असायचं, "लाकूडच आहे. पोटात गेलं तर पाठ ताठ होईल."

मापाच्या बाबतीत मात्र ते भाषण करत नसत. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत त्याच्या गुडघ्याची उंची त्यांच्या डोळ्यांनी घेतलेली असायची. इंचाचे आठ भाग केले की त्यातल्या एकाला ते सूत म्हणत, आणि त्यांच्या कामात एक सूत इकडचं तिकडे झालेलं कुणी पाहिलं नव्हतं. 'असू द्या हो, कोण बघतंय' असं गिऱ्हाईक म्हणालं, तरी ते खोटं माप सांगत नसत. त्यांची एकुलती एक लेक शाळेत असताना मैत्रिणींना ठणकावून सांगायची, "आमच्या बाबांचं माप चुकत नाही." पुढे तिचं लग्न झालं आणि ती लांब गेली. इतकी लांब, की तिच्याकडे जायला एक विमान पुरत नसे.

लेकीची मुलगी सात वर्षांची. जन्मापासून अंगात जोर नाही. मान कशीबशी धरते, पाठ धरत नाही. बसवली की डावीकडे कलंडते. आडवी ठेवून भरवलं की घास भलतीकडे जातो, मग छाती भरते आणि मग दवाखाना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, पाठीला मापाचा आधार मिळाला नाही तर कणा वाकत जाईल आणि फुप्फुसांना जागाच उरणार नाही. तिकडे दवाखान्यातून तशी खुर्ची मिळायची, पण तिची रांग एवढी मोठी, की रांगेत असतानाच मुलांची मापं बदलून जात. या घरात निदान ती अडचण नव्हती. नात वाढतच नव्हती. दर तपासणीला तीच उंची, तेच वजन. तपासणी झाली की लेकीचा फोन यायचा, आणि आधी काही वेळ नुसता तिचा श्वास ऐकू यायचा. मग ती म्हणायची, "आजही तेवढीच, बाबा."

पोरीचा जीव एवढासा, पण तोरा मोठा होता. पडल्या जागेवरून भुवया उडवून ती सगळ्यांना कामाला लावायची. एक भुवई म्हणजे पाणी, दोन भुवया म्हणजे दिवा बंद करा. बोलायची एकेक शब्द, तोही दम घेऊन, पण नेमका. मिस्त्रींनी तिचं नाव ठेवलं होतं सरकार. फोन घेतला की ते आधी विचारायचे, "सरकारांचा काय हुकूम?" एकदा सरकार म्हणाल्या, "बसायचंय." बस, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी हातातली सगळी कामं बाजूला सारली.

लेकीनं पोरीला तपकिरी कागदावर निजवून भोवती पेन्सिल फिरवली, दोरीनं छाती मापली, कमर मापली, डाव्या बरगडीखालचा खोलगट भाग चार ठिकाणी मापला आणि एकेक आकडा फोनवरून सांगितला. मिस्त्रींनी तो तीनतीनदा वदवून घेतला. मग त्यांनी पोत्याची एक पोरगी शिवली, तिच्यात भुसा भरला आणि प्रत्येक माप जुळेपर्यंत ती दाबत, ठोकत, उसवत राहिले. ती भुशाची पोरगी कारखान्यातल्या बाकावर पडलेली असायची. कधीतरी आजीनं तिच्यावर चादर घातली. मिस्त्रींनी बघितलं तेव्हा ती म्हणाली, "भुसा सांडतो म्हणून घातली." मिस्त्रींनीही ती चादर काढली नाही.

खुर्ची त्या भुशाच्या पोरीच्या अंगावर बेतली गेली. सगळं काम खाचेत खाच बसवून. वर चिकटवायला सरस, आणि सांध्यासांध्यात लाकडाची मेख. पाठीचा भाग एकाच लाकडातून कोरून काढलेला, डाव्या बरगडीखाली हाताचा पंजा धरावा तसा एक आधार. आजीनं गादीचं कव्हर शिवलं. नाड्या लावल्या, म्हणजे धुवायला काढता येईल. शिवता शिवता ती सहज म्हणाली, "अहो, हे कसं सुटतं, तशी खुर्चीही सुटी होणारी करा की. विमानातून न्यायचीय."

तिच्या तोंडून हे निघायला आणि मिस्त्रींचा पारा चढायला एकच गाठ पडली. "सुटी होणारी म्हणजे ढिली होणारी! आज ना उद्या कुरकुरणार, हलणार. पोरगी बसणार आहे त्यात, बाजारातलं खेळणं नाही ते."

"बरं बाई, राहिलं."

"मी मेल्यावरही ती हलता कामा नये."

"राहिलं म्हटलं ना!"

आणि खरंच हलत नव्हती. पुरी झाल्यावर मिस्त्री स्वतः तिच्यावर उभे राहिले, उड्या मारल्या. हूं नाही की चूं नाही. भुशाची पोरगी तिच्यात बसवली, तर ती अशी बसली की आजीनं तोंडाला पदर लावला.

तिकिटं लेकीनं तिकडून काढली. तिनं रात्ररात्र संगणकावर बसून दोन वेगळ्या कंपन्यांची दोन वेगळी तिकिटं जुळवली होती, कारण तसं स्वस्तात जमत होतं आणि त्या घरात दवाखान्यानं आधीच पैशाला गळती लावलेली होती. सामानाचं तिनं फोनवर सांगितलं, "प्रत्येकी दोन नग, तेवीस किलोपर्यंतचे. मी नीट वाचलंय." तिनं नीटच वाचलं होतं, पण पहिल्या तिकिटावरचं. एकाच प्रवासात सामान तेच, माणसं तीच आणि अर्ध्या वाटेत नियम मात्र बदलतील, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. कुणाच्या असतं?

मिस्त्रींनी खुर्ची भंगारवाल्याच्या काट्यावर नेऊन तोलली. गोणपाटात गुंडाळून बावीस किलो. आजीनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लेकीसाठी बांधलेलं एक बोचकं वजनाच्या भीतीनं उगाच सोडलं होतं ते पुन्हा बांधायला घेतलं.

पहिल्या विमानतळावर सगळं सुरळीत पार पडलं. तिथल्या माणसानं खुर्चीला चिठ्ठी चिकटवली, वर 'नाजूक' म्हणून लाल पट्टी मारली. "मधे उतरल्यावर तुमचं सामान तुम्हालाच घ्यायचंय," तो म्हणाला, "पुढची कंपनी वेगळी, त्यांच्या काउंटरवर पुन्हा द्या." मिस्त्री लाल पट्टीकडे बघून हसले. "नाजूक म्हणे!"

मधल्या विमानतळावर खुर्ची सामानाच्या पट्ट्यावरून फिरत आली तेव्हा तिला ओरखडासुद्धा नव्हता. ढकलगाडीवर ती सगळ्यात वर, खाली दोन बॅगा, अशी वरात दुसऱ्या कंपनीच्या काउंटरपाशी आली. काउंटरवरची मुलगी लेकीपेक्षा लहान असेल. चेहरा दमलेला, पण बोलणं गोड.

"काका, हे काय आहे?"

"खुर्ची."

"ठेवा वर."

काट्यावर खुर्ची बावीस किलोच भरली. भंगारवाल्याचा काटा चोख होता म्हणून मिस्त्रींना तेवढ्यातही बरं वाटलं.

"काका, तुमच्या तिकिटावर प्रत्येकी एक नग आहे. पंधरा किलो."

"दोन नग, तेवीस किलो," मिस्त्री समजुतीच्या सुरात म्हणाले. "आम्ही आत्ता तसेच आलो ना."

"ती कंपनी वेगळी, काका. आमचं विमान लहान आहे."

आजी पुढे सरसावली. "असं बघ बाळा, आम्ही दोघं आहोत. दोघांचे मिळून तीस किलो झाले. बॅगा राहू देत इथेच, कपड्यांवाचून आमचं काही अडत नाही. ही एकटी बावीसच आहे."

"आजी, दोघांचं एकत्र धरता येत नाही. आणि नुसतं वजनाचं असतं तर मी वरचे पैसे घेऊन सोडलं असतं." मुलीनं मापाची पट्टी काढून खुर्चीची उंची, रुंदी, खोली मोजली. "सामानाच्या दारातूनच जाणार नाही ही. पैसे भरले तरी नाही."

मिस्त्रींनी तिनं घेतलेलं माप डोळ्यांनी आधीच तपासलं होतं. ते बरोबर होतं.

मुलगीच पुन्हा म्हणाली, "ही आजारी माणसाची खुर्ची दिसतेय. चालता-बसता न येणाऱ्या प्रवाशाची असेल तर तिला हा नियम नाही. आम्ही दुसऱ्या मोठ्या विमानानं पाठवतो, फुकट. प्रवासी कुठे आहे?"

"तिकडे आहे. तिला बसता येत नाही, म्हणून तर नेतोय."

"म्हणजे सोबत नाही."

"नाही."

"मग हे साधं सामान झालं, काका."

"साधं?" आजी म्हणाली. "अगं, साधं कसं?"

मागच्या रांगेत कुणीतरी घड्याळाकडे बघून च्च केलं. मुलीनं खुर्चीभोवती फिरून एकदा नीट पाहिलं, आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "अहो, सोपं आहे! खोला ना हिला. पाठ वेगळी, बैठक वेगळी. दोन नग होतील, एक तुमच्या नावावर, एक आजींच्या. किलोदोन किलो वर गेले तर मी बघून घेते. काउंटर बंद व्हायला वेळ आहे अजून. स्क्रू कुठे आहेत हिचे?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला.

"काका? स्क्रू?"

"स्क्रू नाहीत," आजी हळूच म्हणाली.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं नाही. ती त्या दिवसाचं काही बोलली असती, टोमणा मारला असता, तर मिस्त्रींना सोपं गेलं असतं. तिनं नुसता पदर खोचला आणि खुर्ची बाजूला घ्यायला हात लावला.

हॉलच्या कडेला खांबाजवळ त्यांनी गोणपाट सोडलं. मिस्त्रींनी बॅगेतून छोटी करवत काढली. तिकडे गेल्यावर काही घासूनपुसून बसवावं लागलं तर असावी म्हणून आणलेली. कुठे कापायचं ते त्यांना लगेच दिसलं. कमरेच्या खाली, बैठकीला पाठ मिळते तिथं. तिकडे जाऊन पुन्हा जोडता येईल, जोड दिसेल, पण धरेल. ते गुडघ्यावर बसले, करवत टेकवली आणि पहिला हात मारला. चिमूटभर भुसा पडला.

दुसरा हात मारायच्या आत खांद्यावर कुणाचा तरी हात पडला. सुरक्षेवरचा माणूस होता, आडदांड, मिशीवाला.

"आजोबा, करवत? इथे?"

मिस्त्रींनी सांगितलं. भराभरा, जमेल तसं, नातीपासून स्क्रूपर्यंत. त्या माणसानं ऐकून घेतलं. मग मान हलवली. "पात्याची वस्तू हॉलमध्ये उघडता येत नाही. मला ती जमा करावी लागेल. माझी नोकरी जाईल."

"मग बाहेर जाऊन कापतो. दोन मिनिटं."

त्यानं पासपोर्ट पाहिले. "तुमचा परवाना फक्त या हॉलपुरता आहे. बाहेर पडलात तर परत आत येता येणार नाही."

करवत गेली. मग मिस्त्रींनी खुर्ची आडवी केली, बैठकीवर पाय रोवला आणि पाठ दोन्ही हातांनी धरून ओढली. ओढली, हिसडली, पिरगाळली. कपाळावरची शीर टरारून फुगली. आजीनं दुसरीकडून धरलं. दोघं म्हातारी माणसं विमानतळाच्या गुळगुळीत फरशीवर बसून एकमेकांकडे पाय करून एक खुर्ची ओढत होती, आणि जाणारे-येणारे वळूनवळून बघत होते. त्या मिशीवाल्याला राहवलं नाही. त्यानं टोपी काढून खांबाशी ठेवली, "सरका आजी," म्हणाला, आणि त्यानं हात घातला. तो पहिलवानी अंगाचा गडी. त्यानं खुर्ची डोक्यावर उचलून खांबावर आपटली. खांबाचा पापुद्रा उडाला.

सांधा जागचा हलला नाही.

मिस्त्रींनी वाकून बोटानं सांधा चाचपला. केसही शिरणार नाही असा मिटलेला होता. आणि त्या क्षणी, त्यांच्या मनात नसताना, छाती किंचित फुगली. काय जोड बसलाय! हा विचार आला आणि लगेच त्यांना स्वतःची इतकी शिसारी आली, की ते तिथेच फतकल मारून बसले.

"कोणी केलीय हो ही?" मिशीवाला धापा टाकत कौतुकानं म्हणाला.

"ह्यांनीच," आजी म्हणाली.

काउंटरवरच्या मुलीनं लांबून हाक मारली. बंद व्हायची वेळ झाली होती. माल म्हणून वेगळं पाठवायचं तर कागदपत्रं लागतात, पाठवणारा इथे दोन दिवस हजर लागतो, आणि त्यांना तर विमान सुटल्यावर इथे थांबायची परवानगीच नव्हती. "मागे राहिलेल्या सामानाच्या खोलीत ठेवून घेते," ती म्हणाली, "तिकडून कुणीतरी चौकशी करा." तिचे डोळे भरून आले होते, पण डोळे भरून आले म्हणून विमानाचं दार मोठं होत नाही.

जाताजाता आजी परत वळली. तिनं भराभर नाड्या सोडल्या, गादीचं कव्हर काढलं, घडी घातली आणि पोटाशी धरलं. तिचं काम एका मिनिटात सुटलं.

लेकीच्या घरी पोचले तेव्हा दार उघडल्याउघडल्या तिची नजर त्यांच्या पाठीमागे गेली. जिन्यात. मग पुन्हा त्यांच्याकडे. आजीनं कव्हर पुढे केलं आणि आजीलाच रडू फुटलं.

सरकार आतल्या खोलीत उशांच्या ढिगात होत्या. आजोबांना बघून दोन्ही भुवया वर गेल्या. ओठ हलले. "खुर्ची?"

"येतेय, सरकार," मिस्त्री म्हणाले. "मागून येतेय."

ती आली नाही. जावई कामावरून येऊन रोज फोन करायचा. आधी तासन्तास संगीत ऐकायचं, मग कुणीतरी म्हणायचं की ती खोली आमच्याकडे नाही. मिस्त्री स्वस्थ बसले नाहीत. जावयानं फळ्या आणल्या, शेजाऱ्याचं ड्रिल मागून आणलं, आणि ज्या माणसानं जन्मभर स्क्रूला नावं ठेवली त्यानं खाली मान घालून पन्नास स्क्रू पिळले. ओबडधोबड का होईना, एक खुर्ची उभी राहिली. पोरगी तिच्यात बसवली. ती हूं की चूं न करता बसली. काढली तेव्हा कमरेवर आणि बरगडीवर लालभडक वळ उठले होते, एके ठिकाणी कातडी सोलवटलेली. दवाखान्यातल्या बाईंनी ते पाहून सक्त मनाई केली. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त लागलं. कोरीव काम करायला हत्यारं नव्हती, भाड्याच्या घरात ठोकाठोक चालत नव्हती, आणि परतीची तारीख तिकिटावर छापलेली होती. पोरगी बसवली की डावीकडे कलंडत होती, रोज, घड्याळ लावल्यासारखी.

शेवटी एका दुपारी उत्तर आलं. लेक जेवणाची ताटं लावता लावता फोनवर बोलत होती. तिनं फोन ठेवला आणि खुर्चीवर बसली.

"बेवारस म्हणून मोडीत काढली, बाबा. मोडून टाकली."

मिस्त्रींच्या तोंडून पटकन निघालं, "मोडली? कशी मोडली?"

लेकीनं ताट बाजूला सारलं. इतके दिवस तिनं स्वतःला घट्ट आवळून धरलं होतं, ते आता सुटलं. "मी काढली ती तिकिटं. एकाच कंपनीची मिळत होती. दिसत होती मला समोर. थोडे पैसे वाचवायला गेले. दुसऱ्या तिकिटावरचं मी वाचलंच नाही, बाबा. एवढा खटाटोप केला सगळ्यांनी, तुम्ही सहा महिने राबलात, आणि मी एक ओळ वाचली नाही. हिची पाठ माझ्यामुळे मोडणार."

"अगं, असं काय बोलतेस!" आजी म्हणाली. "खोलता येईल अशी—" आणि जीभ चावून गप्प झाली.

"माझ्यामुळेच. हिला मीच मारतेय." ती हे हळू बोलत होती, आणि ते ओरडण्यापेक्षा भयंकर होतं. आतल्या खोलीत पोरगी जागी होती. तिला सगळं ऐकू जात असणार.

मिस्त्री उठले. कपाटातलं कव्हर त्यांनी काढलं आणि आतल्या खोलीत गेले. मागोमाग आजी, दारात लेक. त्यांनी पोरीला एका हातानं सावरून बसवलं आणि कव्हर तिच्या पाठीला लावलं. खांद्याची शिवण खांद्यावर आली. डावीकडचा फुगीर भाग बरगडीखालच्या खळग्यात असा जाऊन बसला, की तिथं बोट शिरलं नसतं. मांडीचं टोक गुडघ्याच्या लवणीत टेकलं. सूत न् सूत जुळलं होतं. सहा महिन्यांत पोरीचं अंग तसूभर हललं नव्हतं. भुशाची पोरगी आणि ही पोरगी एकच होती.

आजीनं ते पाहिलं. शिवण तिच्या हातची होती, तिला वेगळं सांगायला नको होतं.

मिस्त्रींनी कव्हर काढलं, सावकाश घडी घातली.

"लहान झाली असती," ते म्हणाले.

"काय?"

"खुर्ची. आली असती तरी उपयोग नव्हता. खांद्यापाशी अडली असती, बरगडीचा आधार भलतीकडे लागला असता. वळ उठले असते हिला, त्या दुसरीनं उठले तसेच. तू उगाच जीव जाळून घेऊ नकोस. तुझ्या तिकिटांनी काही बिघडलेलं नाही."

"मी तेच म्हणणार होते," आजी लगेच म्हणाली. "मी बघितलं ना, शिवण कुठे येत होती ते."

लेक दारातून पुढे आली. तिचे डोळे पुसलेले नव्हते, पण त्यांत काहीतरी बदललं होतं. "लहान झाली असती म्हणजे?"

"म्हणजे लहान."

"म्हणजे ही मोठी झालीय?" तिचा आवाज चिरकला. "बाबा, म्हणजे ही वाढलीय?"

मिस्त्रींनी फक्त तिच्या डोक्यावरचं ओझं उतरवायचं ठरवलं होतं. त्याच्या पलीकडे काय आहे ते त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी आजीकडे पाहिलं. आजी खिडकीकडे बघत होती.

"सांगा ना. किती?"

"असेल... दोनेक बोटं."

"बोटं नको, बाबा. नीट सांगा. सुतात सांगा."

पोरगी आजोबांकडे टक लावून बघत होती. भुवया स्थिर होत्या.

"बारा सूत," मिस्त्री म्हणाले.

लेक हसली. ते इथे आल्यापासून ती पहिल्यांदा हसली, तोंडावर दोन्ही हात ठेवून, रडत रडत. तिनं पोरीचे मुके घेतले, आईला मिठी मारली आणि फोन उचलला. जावई कामावर होता, तिला धीर नव्हता.

"अरे, ऐक ना, वाढलीय ती! हो, खरंच! दीड इंच! त्यांची दवाखान्यातली पट्टीच चुकीची असणार, मी म्हणत नव्हते का? नाही रे, अंदाज नाही, बाबांनी मोजलंय. बाबांचं माप चुकत नाही. उद्या तपासणीला तू पण ये, सुट्टी काढ. मला त्या बाईंचं तोंड बघायचंय."

बोलत बोलत ती बाहेरच्या खोलीत गेली. आजीनं कव्हर मिस्त्रींच्या हातातून घेतलं आणि कपाटात, सगळ्यात खाली ठेवलं.

पोरगी डावीकडे कलंडायला लागली. मिस्त्रींनी तिच्या बरगडीखाली पंजा धरला. तो तिथं बरोबर बसला.